चार दिवसांची मुंबई : काय बघावं, कुठे जेवावं? (मुक्काम ठाण्यात)

अंबानगरीकर

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण अमरावतीहून मुंबईला येतोय. मी, बायको, दहा वर्षांची लेक आणि माझे आई-बाबा. शनिवारी सकाळी अंबा एक्स्प्रेसने पोचू, मंगळवारी रात्री त्याच गाडीने परत. मुक्काम आत्तेभावाकडे, ठाण्यात नौपाड्याला.

आई ६८ वर्षांची, उजवा गुडघा दुखतो. माळकरी आहे. जिथे मांस-मच्छी शिजतं तिथे ती पाण्याचा घोटही घेत नाही. बाबांचं अगदी उलट. आयुष्यभर नदी-तलावातला मासा खाल्ला, समुद्राचा ताजा मासा एकदा खायचाय म्हणतात. लेकीने समुद्र बघितलेलाच नाही.

मी केलेली यादी अशी : शनिवारी गेटवे, घारापुरी, सिद्धिविनायक, संध्याकाळी जुहू. रविवारी एस्सेलवर्ल्ड आणि पॅगोडा, येताना कान्हेरी. सोमवारी राणीची बाग, तारापोरवाला मत्स्यालय, हँगिंग गार्डन, फोर्ट. मंगळवार मोकळा. चार दिवस गाडी भाड्याने घ्यावी का? काही चुकत असेल तर स्पष्ट सांगा.

लोकलप्रवासी

स्पष्ट सांगा म्हणालात म्हणून सांगतो. ही यादी पाळलीत तर तुमची आई चार दिवस गाडीच्या मागच्या सीटवरून पुलांचे खांब बघेल.

मी २६ वर्षं ठाणे ते सीएसएमटी ये-जा करतोय. या शहराचा आकार एकदा डोक्यात बसला की सगळं सोपं होतं. मुंबई गोल नाही, लांब आहे. दक्षिणेला कुलाब्याचं टोक आणि तिथून वर उत्तरेला पसरत गेलेली वस्ती, रुळांच्या कडेकडेने. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून सुटली ती तुमच्या मुक्कामापर्यंतच, ठाण्यापर्यंत आली होती. ३४ किलोमीटर. त्यानंतर शहर रुळांच्या मागे मागे वाढत गेलं. त्यामुळे इथे फिरायचा नियम एकच : एका दिवशी एकच पट्टा. ज्या स्टेशनावर उतरलात तिथलंच बघायचं, तिथलंच खायचं आणि त्याच लाइनने परत यायचं. सकाळी गेटवे आणि संध्याकाळी जुहू हे कागदावर जवळ दिसतं, रस्त्यावर नाही.

आधी यादीतली नावं खोडतो. एस्सेलवर्ल्ड बंद आहे. तारापोरवाला मत्स्यालयही बंद आहे. घारापुरीची लेणी सोमवारी बंद, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद, म्हणून त्याच्या आतली कान्हेरीची लेणीही सोमवारी नाहीत. राणीची बाग बुधवारी बंद. सिद्धिविनायकाला मंगळवारी जाऊ नका, आईंना रांग झेपणार नाही.

आता गाडीचं. भाड्याची गाडी घेऊ नका. ठाण्याहून सुटणारी धीमी लोकल पकडा. ती तिथूनच निघते, त्यामुळे पाचही जणांना बसायला मिळतं, तासाभरात सीएसएमटी. जलद गाडी पंधरा-वीस मिनिटं वाचवते, पण ती कल्याण-डोंबिवलीहून भरून आलेली असते. सकाळी आठ ते साडेदहा मुंबईकडे आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ ठाण्याकडे, या वेळा टाळा. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो, साधारण सकाळी साडेदहा-अकरापासून दुपारी साडेतीन-चारपर्यंत. रविवारी जाणार असाल तर सातच्या आत-बाहेर निघा आणि चारनंतर परता.

अंबा एक्स्प्रेस ठाण्याला थांबते. येताना तिथेच उतरा, जाताना तिथूनच चढा. सीएसएमटीपर्यंत सामान ओढत नेऊ नका.

किंग्ज_सर्कल

लोकलप्रवासींच्या एकूण एक शब्दाला अनुमोदन. शनिवारचा बेत मी देते.

अंबाने पोचल्यावर अंघोळ, चहा, थोडी झोप. साडेदहाच्या पुढे ठाण्याहून लोकल, माटुंग्याला उतरा. मध्य रेल्वेचं माटुंगा, पश्चिमेचं माटुंगा रोड नव्हे. पूर्वेला स्टेशनासमोर मार्केटच्या इमारतीत ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ पासूनचं. पहिल्या मजल्यावर आहे, म्हणून गुडघ्याची कल्पना आधीच देते, पण एकच जिना आहे आणि कोणी घाई करत नाही. केळीच्या पानावर जेवण मागा. दोन भाज्या, सांबार, रसम, ताक, पापड, भात. पान मांडल्यावर त्यावर पाणी शिंपडून हाताने पुसून घ्यायचं, मग वाढप सुरू होतं. वाढपी भाताच्या ढिगात खळगा करून रसम ओतायला थांबतो आणि तुम्ही हो म्हणायची वाट बघतो. सगळं शाकाहारी, त्यामुळे आईंना मन घट्ट करावं लागणार नाही. सोमवारी बंद असतं.

जिना नकोच असेल तर किंग्ज सर्कलचं कॅफे मद्रास. तिथे रसम इडली, रागी डोसा, आणि शेवटी पेला-वाटीतली कॉफी. शनिवारी बाहेर गर्दी असते, नाव सांगून थांबावं लागतं. तोवर फूलवाल्यांच्या गल्लीत चक्कर मारा. तिथे मोगऱ्याचे आणि अबोलीचे गजरे हातावर मोजून देतात. एक आईंना घ्या, एक वहिनींना.

जेवून परत धीमी गाडी, भायखळा. तिथून राणीची बाग टॅक्सीने पाच मिनिटं. लेकीला काचेपलीकडचे पेंग्विन आवडतील, पण मी सांगतेय ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. बागेला लागून भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ साली ते लोकांसाठी खुलं झालं. त्याच्या बाजूच्या हिरवळीवर एक काळ्या दगडाचा मोठा हत्ती उभा आहे. तो लेकीला नक्की दाखवा, आणि त्याची गोष्ट दुसऱ्या दिवशी बोटीत सांगा.

पोर्तुगीज घारापुरीला आले तेव्हा धक्क्याजवळ हा हत्ती उभा होता, म्हणून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली इंग्रजांनी तो उचलून न्यायचं ठरवलं. उचलताना यारी (क्रेन) मोडली, हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे इथे आणून ठेवले आणि १९१४ मध्ये जोडले. जवळ जाऊन बघितलं की सांधे दिसतात. माझ्या मुलाने लहानपणी त्या सांध्यांवरून बोट फिरवत विचारलं होतं, दुखलं असेल का गं? तेव्हापासून दरवर्षी एकदा आम्ही त्याला बघून येतो.

न्यूजर्सी_दादरकर

माटुंगा-भायखळा झालं की परतीच्या वाटेवर दादर आहे, ते चुकवू नका. मी १९९८ साली देश सोडला, पण दादरला उतरल्याशिवाय माझी मुंबई सुरू होत नाही.

तुमच्या घरातला पेच (आई एकीकडे, बाबा दुसरीकडे) दादरला आपोआप सुटतो. सेनाभवनाच्या आसपास दोन्ही सोयी चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. आईंना, वहिनींना आणि लेकीला घेऊन ‘प्रकाश’मध्ये बसा. साबुदाणा वडा, थालीपीठ आणि शेवटी पियूष. पियूष म्हणजे ताक नाही आणि लस्सीही नाही. श्रीखंड पातळ करून त्यात जायफळ-वेलची, असं समजा. चमचा उभा राहील इतकं दाट नको असतं, ओठाला पिवळी रेघ उमटेल इतपत हवं. समोरच्या चौकात ‘आस्वाद’ आहे, तिथली मिसळ आणि कोथिंबीर वडी चांगली. तेवढ्या वेळात तुम्ही बाबांना घेऊन ‘चैतन्य’ला मालवणी जेवणाला जा. तासाभराने सगळे शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर भेटा.

पार्काच्या मागे समुद्राच्या अंगाला चैत्यभूमी आहे. हिंदू कॉलनीत बाबासाहेबांचं घर, राजगृह. ६ डिसेंबरच्या आसपासचे दोन-तीन दिवस असतील तर लाखो माणसं येतात. तेव्हा टॅक्सीवर भिस्त ठेवू नका, पायी चाला. ती गर्दीही बघण्यासारखी असते. पुस्तकांचे स्टॉल मैदानभर लागलेले असतात, आणि जेवणाच्या पिशवीपेक्षा पुस्तकांची पिशवी जड घेऊन परतणारी माणसं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

कीर्ती कॉलेजजवळचा अशोक वडापाव अजून आहे ना? वडा मोडून वर बेसनाचा कुरकुरीत चुरा टाकून देतात तो.

लोकलप्रवासी

आहे. रांगही आहे.

वेसावकरीण

बाबांच्या माशाबद्दल सगळे हॉटेलांची नावं देतायत, मासा कुठला मागायचा ते कोणी सांगत नाही. मी वेसाव्याची, म्हणजे वर्सोव्याची कोळीण, म्हणून लिहिते.

डिसेंबर हा चांगला महिना. १ जून ते ३१ जुलै आमच्या होड्या बंद असतात, मासा अंडी घालतो म्हणून. त्या दोन महिन्यांत कोणी ताजं पापलेट म्हणून ताटात वाढलं तर ते बर्फातलं असतं किंवा लांबून आलेलं असतं. तुम्ही येताय तेव्हा म्हावरं भरपूर.

बाबांना नदीच्या माशाची सवय, म्हणजे काटे काढायची सवय आहे. मग सुरमईने सुरुवात करू नका. सुरमई ही काट्यांना घाबरणाऱ्याची, तुकड्यात एकच मधला काटा. तिची चव सगळ्यांना आवडते, पण समुद्र कळायचा असेल तर बोंबील मागा. बोंबील पाण्यातून काढल्यावर हातात धरवत नाही इतका मऊ असतो. तो चिरून, मीठ लावून पाट्याखाली किंवा वजनाखाली दाबून ठेवतात, त्यातलं पाणी निघून जातं. मग मसाला, वरून रवा किंवा तांदळाचं पीठ आणि तव्यावर. ताटात आल्या आल्या खायचा. थंड झालेला बोंबील मरगळतो, मग त्यात राम नाही. मधला काटा इतका कोवळा की बरेच जण चावूनच खातात.

दुसरं म्हणजे बांगडा. त्याला वास असतो, पण तिरफळ (आमच्याकडचा मसाला) घालून केलेलं बांगड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी हे आमच्या किनाऱ्याचं खरं जेवण. पापलेट महाग पडतं, एकदा तळलेलं चाखून बघा. तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं मिळालं तर सोडू नका. शेवटी सोलकढी. ती जेवणाआधी पिऊन संपवू नका, भाताबरोबर अर्धी ठेवा.

हॉटेलात विचारायला लाजू नका, आज काय आलंय? मालक किंवा वाढपी खरं सांगतो. पाटीवर वीस नावं असली तरी त्या दिवशीची ताजी चार-पाचच असतात.

वेसाव्याला यायचं असेल तर ठाण्याहून घाटकोपर, तिथून मेट्रो थेट वर्सोव्यापर्यंत. बंदरावर बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील सुकत घातलेले दिसतील. आईंना मात्र आणू नका, तो वास त्यांना सोसणार नाही.

अंबानगरीकर

केवढी मदत केलीत सगळ्यांनी! यादी फाडून टाकली. बाबांनी बोंबलाचा परिच्छेद दोनदा मोठ्याने वाचायला लावला. शनिवार ठरला. रविवारी घारापुरी. पण आईला चढता येईल का? सोमवारचं काय करावं, अर्धी मुंबई बंदच दिसते.

लोकलप्रवासी

घारापुरीचं असं. रविवारी सातची लोकल, आठ-सव्वाआठला सीएसएमटी. लगेच टॅक्सीत बसू नका. रस्ता ओलांडून समोर उभे राहा आणि इमारत नीट बघा. फ्रेडरिक स्टीव्हन्स या वास्तुविशारदाचं काम, १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं चाललेलं. रोज लाखो माणसं तिच्या पोटातून जातात आणि मान वर करून बघायला कोणाला फुरसत नसते. मलाही पहिली पंधरा वर्षं नव्हती. भिंतीवरचे मोर, माकडं, पावसाचं पाणी सोडणाऱ्या पन्हळींची प्राण्यांच्या आकाराची तोंडं, हे एका सुटीच्या दिवशी लेकाने दाखवलं.

गेटवेहून नऊच्या सुमाराला बोटी सुरू होतात, तासभर लागतो. पहिल्या-दुसऱ्या बोटीत बसा. लाइफ जॅकेट अंगात घाला आणि उतरेपर्यंत काढू नका, फोटोसाठीसुद्धा नाही. धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी गाडी आहे. पुढे शंभराहून जास्त पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंना दुकानं. आईंसाठी डोली मिळते, खुर्चीला दांड्या लावून चौघं उचलतात. भाव आधी ठरवा. मनात संकोच ठेवू नका, त्या गावच्या माणसांचं पोट त्यावर आहे.

वर पोचलात की थेट समोरच्या त्रिमूर्तीकडे धावू नका. आत आल्यावर पाच मिनिटं खांबांच्या सावलीत थांबा. डोळे अंधाराला सरावले की मग ती मूर्ती हळूहळू भिंतीतून बाहेर येते. उंची साडेपाच मीटरच्या आसपास. डावीकडचं तोंड उग्र, उजवीकडचं कोमल, मधलं शांत. सहाव्या शतकाच्या सुमाराचं काम आहे. शेजारी अर्धनारीश्वर आणि गंगाधर, पलीकडे शिवपार्वतीचं लग्न. पार्वतीची खाली झुकलेली मान बघा. पोर्तुगिजांच्या काळात मूर्तींची खूप मोडतोड झाली, तरी ती मान शाबूत आहे.

जेवणाचा डबा ठाण्याहूनच न्या. बेटावर खानावळी आहेत, पण आईंना चालणार नाहीत. डबा माकडांपासून सांभाळा.

गिरगावची_माई

सोमवार माझ्याकडे द्या. माझा जन्म गिरगावातला, लग्न होऊनही दोन गल्ल्या सोडूनच आले, आता ७१ वर्षांची आहे.

सीएसएमटीला उतरलात की खालीच नवी भुयारी मेट्रो आहे. काळबादेवी, मग गिरगाव. दोनच स्टेशनं. सरकते जिने आणि लिफ्ट, त्यामुळे गुडघ्याला काही होत नाही. मी स्वतः जाते. पूर्वी सीएसएमटीहून घरी यायला टॅक्सीवाल्याची मनधरणी करावी लागायची.

सकाळी नाश्त्याला ठाकूरद्वारजवळ ‘विनय हेल्थ होम’. मिसळ मागा. तुम्ही वऱ्हाडातले, तुम्हाला तिखट वाटणार नाही, पण तर्री वेगळी असते, त्यात गोडसर झाक आहे. उपासाची मिसळही मिळते. सोमवार धरत असाल तर आईंना ती द्या. मग खोताच्या वाडीत चला. लाकडी घरं, बाहेरून जिना, पुढे पडवी, दारात क्रॉस आणि शेजारी तुळस. हळू आवाजात फिरा. लोक राहतात तिथे, दुपारी म्हातारी माणसं झोपलेली असतात. फोटोवाल्यांचा फार त्रास होतो त्यांना. केशवजी नाईकांच्या चाळीतही डोकावून या. १८९३ साली मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती तिथे बसला. आत्ता गणपती नाही, पण ती चाळ आणि ते अंगण बघितलं की लोकमान्यांच्या काळातली माणसं कुठे जमत असतील ते समजतं.

दुपारी गावदेवीला मणिभवन. १९१७ ते १९३४ गांधीजी मुंबईत आले की तिथे उतरत. वर त्यांची खोली जशीच्या तशी ठेवली आहे, गादी आणि चरखा. वरचे मजले आईंना जमले नाहीत तर खाली ग्रंथालयात बसतील.

ऊन उतरलं की टॅक्सी करून वाळकेश्वरला बाणगंगा. हे ठिकाण कोणी यादीत घालत नाही आणि मला त्याचं वाईट वाटतं. एवढ्या उंच इमारतींच्या पोटात हे तळं आहे. शिलाहारांच्या दरबारातल्या लक्ष्मण प्रभू नावाच्या मंत्र्याने ११२७ मध्ये बांधलं असं सांगतात. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, कडेने देवळं, पाण्यात बदकं. समुद्र इतक्या जवळ, तरी पाणी गोडं, कारण आत झरा आहे. रामाने बाण मारला आणि पाणी आलं ही कथा आईंना माहीत असेलच. माझ्या सासूबाईंचे दहाव्याचे विधी तिथेच केले. मी पायरीवर बसून बदकांना लाह्या टाकत होते. रडू आलं नाही, नुसतं शांत वाटत होतं. आईंना वरच्याच पायरीवर बसवा, सगळं तळं दिसतं.

तिथून सूर्य बुडायच्या आधी गिरगाव चौपाटीला या. लेकीला समुद्र बोटीतून दिसेलच आदल्या दिवशी, पण पाय बुडवायचे ते इथे. फार आत जाऊ देऊ नका, पाणी स्वच्छ नाही. लोकमान्यांचा पुतळा आहे, १९२० साली त्यांना अग्नी दिला तिथेच. आईंना नमस्कार करायचा असेल. भेळ खा, कुल्फी खा. मग दिवे लागले की मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर अर्धा तास बसा, काही न बोलता. परतीची लोकल साडेआठनंतरच पकडा.

कल्याणकर

मंगळवारी कान्हेरी करायची असेल तर जरूर करा. शंभराहून अधिक लेणी आहेत, तिसऱ्या लेण्याचं चैत्यगृह प्रवेशापासून जवळ आहे, आणि दगडात कोरलेल्या पाण्याच्या पोढी (टाक्या) बघून तिथल्या बौद्ध भिक्खूंनी पावसाचा थेंब न् थेंब कसा धरला ते दिसतं. पण ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने बोरिवली, पुढे उद्यानात सहा-सात किलोमीटर, आणि रात्री गाडी. धाकधूक राहील.

त्याऐवजी अंबरनाथला जा. ठाण्याहून त्याच मध्य रेल्वेवर, मुंबईच्या उलट दिशेला, त्यामुळे सकाळी गाडी रिकामी. स्टेशनातून रिक्षाने दहा मिनिटांत शिवमंदिर. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे. बाहेरची भिंत हाताएवढीसुद्धा कोरी सोडलेली नाही. गाभारा जमिनीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. आईंना हात धरून न्या. रोजची पूजा चालू आहे, म्हणून ते बघायचं ठिकाण न राहता देऊळच राहिलं आहे.

येताना कल्याणला उतरून खिडकी वडा. जुन्या घराच्या खिडकीतून विकायला सुरुवात झाली म्हणून ते नाव. आणि निघायच्या दिवशी ठाण्यात मामलेदार मिसळ खाल्ल्याशिवाय जाऊ नका.

किंग्ज_सर्कल

मामलेदारला प्रवासाच्या दिवशी नको! रात्रभर गाडीत आहेत ते. त्यापेक्षा नौपाड्यातच गजानन वडापाव आहे, तिथली पिवळी बेसनाची चटणी मुंबईत दुसरीकडे मिळत नाही.

अंबानगरीकर

मंडळी, काल पोचलो अमरावतीला. तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, म्हणून काय झालं ते सांगणं माझं काम आहे.

माटुंग्याला आईने जिना चढायला दहा मिनिटं घेतली. मागे चार माणसं थांबली होती, कोणी हूं की चूं केलं नाही. जेवण झाल्यावर आईने पान स्वतःच्या हाताने दुमडलं आणि वाढप्याला म्हणाली, “बाबू, पोट भरलं.” तो कानडी होता की तुळू बोलणारा, कळलं नाही, पण तो हात जोडून उभा राहिला. रसम मात्र तिने तीनदा मागून घेतलं.

राणीच्या बागेत लेक पेंग्विनसमोर पाच मिनिटं होती आणि हत्तीसमोर वीस. दुसऱ्या दिवशी बोटीत मी गोष्ट सांगितली. डिसेंबरचे पांढरे पक्षी बोटीच्या मागे मागे येत होते, लोक त्यांना कुरकुरे टाकत होते. ती पहिल्यांदा समुद्र बघतेय आणि विचारतेय काय, तर “हत्ती नेमका कुठे उभा होता?” बेटावर उतरल्यावर डोलीवाल्यांना तिने तेच विचारलं. त्यातल्या एका काकांनी लांब हात करून दाखवलं, “त्या बाजूला, जुन्या धक्क्याकडे.” ती बराच वेळ तिकडे बघत राहिली. आई डोलीतून वर गेली. त्रिमूर्तीसमोर तिने टाळ नसताना नुसत्या टाळीवर एक अभंग म्हटला. शेजारचे परदेशी पाहुणे बोलायचे थांबले.

एक वाईट अनुभव. गेटवेहून परत येताना एका टॅक्सीवाल्याने मीटर टाकायला नकार दिला आणि पाचपट पैसे मागितले, आईचा गुडघा बघून. बायको म्हणाली, चला बसने. समोरच बसस्टॉप होता. वाहकाने आईला पुढची सीट रिकामी करून दिली.

बाणगंगेला माई म्हणाल्या तसंच केलं. वरच्या पायरीवर बसलो. तिथून उठवेना. चौपाटीला पोचेपर्यंत सूर्य बुडून गेला होता, पण पाय बुडवले. पुतळ्याला आईने नमस्कार केला. मंगळवारी अंबरनाथ. कान्हेरी पुढच्या खेपेला.

आणि बाबा. शनिवारी दादरला विचारलं, आज काय आलंय? बोंबील, बांगडा, तिसऱ्या. तिन्ही मागवलं. बोंबलाचा पहिला तुकडा तोंडात टाकला आणि बाबा थांबले. “तोंडात ठेवला न् इरघयला,” एवढंच म्हणाले. मग दुसरी प्लेट. सोलकढी अर्धी ठेवली होती, वेसावकरीणताईंनी सांगितल्याप्रमाणे.

आता ते रोज विचारतात, आपल्याकडे तसं करता येईल का? ताई, अमरावतीला ताजा बोंबील कुठला मिळायला.

वेसावकरीण

बोंबील नाही मिळणार, आणि बर्फातला आणून हिरमोड करून घेऊ नका. तुमच्याकडचा रोहू घ्या, ताजा, कल्ले लाल असलेला. बोटाएवढे जाड तुकडे. मीठ-हळद लावून अर्धा तास, सुटलेलं पाणी टाकून द्या. लसूण, आलं, कोथिंबीर, हिरवी मिरची यांचं वाटण, त्यात चिंचेचा कोळ थोडा, लाल तिखट. ते चोळून आणखी अर्धा तास. तांदळाचं पीठ आणि रवा निम्मे-निम्मे, त्यात तुकडे घोळवा आणि लोखंडी तव्यावर मंद आचेवर. उलटायची घाई नको, खालून सुटला की आपोआप हलतो. तिरफळ हवं असेल तर पत्ता कळवा, पोस्टाने पाठवते.

पण तुमची आई? घरात चालेल का?

अंबानगरीकर

आईलाच विचारलं. म्हणाली, मागच्या अंगणात चूल मांडा, तवा वेगळा घ्या, आणि मला रसम करून द्या.

किंग्ज_सर्कल ताई, रसमची कृती मिळेल का?